हाक पोचेल तिथवर

कचारगडच्या जत्रेला गेलेली एक म्हातारी परत यायला तयार नव्हती. आमच्या गावाची नवी पाइपलाइन कुठून कुठे जाईल हे शेवटी तिच्यामुळे ठरलं. आज हे दोन वाक्यांत लिहून होतं. तेव्हा कळायला मला चार-पाच महिने लागले आणि एक दोनशे पानी वही भरली.

मी याद्या करणारी बाई आहे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा बचत गटाची वही कोणी धरत नव्हतं, ती मी धरली. मग भजनी मंडळाच्या सतरंज्यांची यादी, लसीकरणाला आलेल्या लेकरांची यादी, गणपतीत कोणाकडून किती खुर्च्या आणल्या त्याची यादी. पन्नाशीच्या जवळ आल्यावर ग्रामपंचायतीत निवडून आले आणि पाणीपुरवठा समिती माझ्याकडे आली. सरपंच म्हणाले, "वहिनी, पाणी कोणाले भेटलं अन् कोणाले नाही, हे लिहून ठेवणारं माणूस पाहिजे. शिव्या खायला आमी हावोच." लिहिण्याचं काम मी केलंच, शिव्याही बहुतेक मीच खाल्ल्या.

गाव गोंदियापासून स्कूटीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. शहराला लागून असलेल्या कुडव्याकडे प्लॉट परवडेनासे झाले तशी माणसं आमच्या बाजूला सरकू लागली. गावाच्या वरच्या अंगाला जुना तलाव आहे. त्याच्या पाळीखाली धानाच्या बांध्या होत्या, म्हणजे चारही बाजूंनी बांध घातलेले तुकडे, एकाखाली एक, पार नाल्यापर्यंत उतरत गेलेले. पाच-सहा वर्षांत त्यांतल्या कितीतरी बांध्यांत मुरूम पडला, पांढरे दगड उभे राहिले, लाल फाटक आलं. आदल्या वर्षी जिथे मी बगळे पाहिले होते तिथे दुसऱ्या वर्षी निळ्या रंगाचं घर आणि दारात मोटरसायकल. स्कूटी थांबवून मी बघत राहायचे. गाव वाढतं म्हणजे काय होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लेकरू रात्रीतून वाढतं तसं ते वाढत होतं, आणि जुने कपडे त्याला पुरत नव्हते.

कारण घर एकटं येत नाही. त्याच्या मागोमाग नळ येतो, दिव्याचा खांब येतो, नाली येते, रस्ता येतो, घंटागाडी येते. आणि घरं शेजारीशेजारी येत नव्हती. ज्याला जिथे प्लॉट मिळाला तिथे त्यानं घर बांधलं. एक घर इथे, मध्ये दहा रिकामे प्लॉट, मग दोन घरं, पुन्हा गवत. पाइप काही रिकाम्या प्लॉटवरून उडी मारून जात नाही. एका घरासाठी तो दहा प्लॉटांसमोरून न्यावा लागतो, आणि तो फुटला की खोदणारे हातही तितकेच जास्त लागतात. आमचा नळ चालवणारा माणूस एकच, घंटागाडी एकच, आणि कर भरणारं गाव तेवढंच.

सगळ्यात शेवटचं घर नाल्याकडे होतं. दोन खोल्या, पुढे पडवी. तिथे राहणारी बाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. मूळची सालेकसा तालुक्यातल्या जंगलपट्टीतली. नवरा वनमजूर, शनिवारी यायचा. दोन लहान लेकरं आणि सासू. ती कामावर गेली की लेकरं सासूकडे. पाणी बोरिंगवरून आणायचं, ते बोरिंग चार शेतांपलीकडे.

माघात सासू कचारगडला गोंडांच्या जत्रेला गेली, तिथून आपल्या गावी गेली आणि तिकडेच बसली. निरोप आला की मी येत नाही.

बाई माझ्याकडे आली ती नळाचा अर्ज घेऊन. हा तिचा तिसरा अर्ज. मी माझ्या यादीत तिचा नंबर शोधत होते तेव्हा ती उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागेपर्यंत माही बहीण येऊन राहीन. पुढं शाळा उघडाच्या आत बुढी नाही आली त मले काम सोडा लागते. पोट्ट्यायले कोण पाहीन? मंग मी बी जातो गावाले वापस. घर राहीन कुलूप लावून."

"पाण्यासाठी येत नाही म्हणतात?"

"पाणी बी हाये." ती जरा घुटमळली. "पहिलं त तिले तिथं गमतच नाही."

'गमत नाही', म्हणजे करमत नाही, हे मी लिहून घेतलं नाही. यादीत त्याला रकाना नव्हता. 'जूनअखेर नळ' एवढंच लिहिलं.

पण तिच्या एका नळासाठी एवढी लांब पाइपलाइन टाकायची तर इतर बारा अर्जदार माझं घर डोक्यावर घेणार. म्हणून मी ठरवलं, आता एकेक अर्ज नाही, सगळ्या गावाची एकच योजना. कोणी आपल्या प्लॉटवर घर बांधू नये असं सांगायचा आम्हाला अधिकार नव्हता. पण आमचे पाइप आणि खांब आधी कुठे जातील ते ठरवायचा होता. ते आधी सांगितलं तर माणसं घरंही तिथेच बांधतील. तलाठ्याकडून नकाशा आणला, मुलीच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, पाळीजवळच्या पाण्याच्या टाकीवर टोक रोवलं आणि तीन वर्तुळं काढली. आतलं वर्तुळ भरेपर्यंत दुसऱ्यात जायचं नाही, दुसरं भरेपर्यंत तिसऱ्यात नाही. पाइप कमी, खांब कमी, फेऱ्या कमी. रिकाम्या प्लॉटांची यादी केली, मालकांची नावं लिहिली. मला वाटलं, हे आधी कोणाला कसं सुचलं नाही?

ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावला. मागून किराणा दुकानवाला ओरडला, "वहिनी, हे का जात्याचं चित्र काढलं?" सगळे हसले. पण ऐकून घेतलं. दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सरपंचांना तर योजना इतकी पटली की ते ठराव लिहायलाच सांगत होते.

तेवढ्यात नाल्याकडची बाई उठली. तिचं घर तिसऱ्या वर्तुळाच्याही बाहेर पडत होतं.

"मंग मी कोण्या सालात येतो?" तिनं विचारलं.

सरपंच म्हणाले, "बाई, तुमी येवढ्या दूर घर काऊन बांधलं पण? गाव इकडं, तुमी तिकडं."

"आमच्या गावात असं नाही होत जी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमच्याकडं पोरगा येगळा निंगाला की म्हातारे लोक जुन्या घराच्या दारात उभे राह्यतात अन् हाक देतात. हाक जाते तेथवर घर. हाक नाही गेली त घर नाही. माही सासू तेच म्हणते, ज्या घरी हाक येत नाही त्या घरी मी राहात नाही."

"अन् तुमी?"

"येथं हाक देणारं कोणी नोहतं. कागद देणारे होते."

मी नकाशाजवळ उभी होते, हातात खडू होता. मला आमच्या वाढत्या गावाचं एवढं मोठं कौतुक, आणि ही बाई सांगत होती की जंगलातल्या चाळीस घरांच्या वस्तीत हा प्रश्न तिच्या आज्यानं-पणज्यानं कधीच सोडवलेला होता. हाक पोचते तिथवर घर ठेवलं की वाट लहान राहते, विहीर एक पुरते, आग लागली तर माणूस धावून येतं. खांब, पाइप आणि घंटागाडी यांतलं काहीच नसताना त्यांनी माझी योजना केली होती, आणि ती माझ्यापेक्षा सोपी होती.

ठराव पुढच्या सभेवर गेला.

बाहेर पडताना नळवाले काका माझ्याबरोबर चालू लागले. साठीला आलेले, सडपातळ, खिशात कायम एक पाना. टाकीच्या चाव्या पस्तीस वर्षं त्यांच्या हातात.

"बाई, चित्र चांगलं हाये," ते म्हणाले. "पण पाणी गोल नाही चालत."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी या. चपला मजबूत घाला."

सकाळी ते मला तलावाच्या पाळीवर घेऊन गेले. त्यांचे वडील तलावाचे पाणकर होते, म्हणजे धानाला पाणी सोडायचं आणि कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या मागून, हे सांभाळायचं काम त्यांचं. पाळीवरून काकांनी खाली बोट दाखवलं. मला प्लॉट दिसत होते, घरं, तारा, एक अर्धवट भिंत. त्यांना दुसरंच काहीतरी दिसत होतं.

"ही आंब्याची. तिच्या खाली लांबोडी. मंग मोठी. मोठीतून दोन तोंडं, एक बुढीच्या बांधीत, एक कोनाच्या. मंग तिकोनी, मंग चिखलाची, अन् शेवटची नाल्याची."

ते चालत होते आणि मी मागून. जिथे थांबत तिथे म्हणत, "आता आपण मोठीत हावोत." मला फक्त मुरूम दिसायचा. मग ते टाचेनं माती खरवडत, आणि खरंच तिथे जुन्या बांधाची काळी, चिकट कड निघायची. एका घराच्या ओट्याखालून ती कड गेलेली, दुसऱ्याच्या न्हाणीखालून. घरांनी तिला झाकलं होतं, पण ती हलली नव्हती. दर कडेला वीतभर उतार. वीत-वीत करत सगळी जमीन तलावापासून नाल्यापर्यंत पायऱ्यांसारखी उतरत होती. इतकी वर्षं मी याच रस्त्यानं स्कूटी चालवली होती आणि मला ती सपाट वाटत होती.

"आता तिकडं पाहा." त्यांनी टाकीच्या दुसऱ्या बाजूला बोट केलं. तिथे बरड होतं, मुरमाड आणि वर चढत गेलेलं. माझ्या पहिल्या वर्तुळाचा अर्धा भाग त्या बरडावर होता. "तिकडं पाणी चढवाले मोटर लागन. मोटरले बिल लागन. जवळ हाये म्हणून का झालं? अन् ही नाल्याकडची बाई सगळ्यात दूर हाये, पण पाणी तिच्याकडं आपल्या पायानं जाईन. माहा बाप इकडून तुडूम उघडायचा अन् पाणी त्याच्या आधी तिथं जाऊन बसायचं."

तुडूम म्हणजे तलावाचं तोंड. ते उघडणाऱ्या माणसाचा मुलगा माझ्यासमोर उभा होता. त्यानं वही नावाची वस्तू कधी हातात धरली नव्हती, आणि सगळ्या गावाचा उतार त्याच्या डोक्यात ओळीनं लावलेला होता. मी वही उघडली आणि पाळीवर बसूनच बांध्यांची नावं लिहून घेतली. माझी सगळ्यात चांगली यादी आजवर दुसऱ्या कोणाकडे तरी होती आणि मी ती कधी मागितली नव्हती.

वर्तुळं खोडली. नवी योजना एका ओळीची झाली: तलावापासून नाल्यापर्यंत, बांधीनंतर बांधी. पाणी जसं उतरत होतं तशी घरं भरायची. एक पाइप, एक खांबांची रांग, घंटागाडीची एक फेरी. नाल्याकडचं घर म्हणजे त्या रांगेचं शेवटचं टोक. त्याच्या पलीकडे काही नाही.

सरपंच म्हणाले, "ठीक हाये. पण एका नळासाठी येवढा पाइप, हे लोकायले कसं समजवायचं? मध्यात त गवत उभं हाये."

मी म्हटलं, "हाक देऊन बघू."

"वहिनी, तुमी बी?"

"कुठे तुटते ते कळेल. जिथे तुटेल त्या प्लॉटवर आधी माणूस बसवायचं. मग पाइप कोणाला खटकणार नाही."

त्यांना ते पटलं की गंमत वाटली, मला माहीत नाही, पण ते आले. एका सकाळी रस्त्यावर ट्रक सुरू व्हायच्या आधी अर्धं गाव गोळा झालं. नळवाले काका टाकीखाली उभे राहिले. उतारावर जी चार घरं झाली होती त्यांच्या दारात एकेक माणूस. हाक ऐकली की पुढे द्यायची. नाल्याकडची बाई आपल्या पडवीत; हाक ऐकू आली तर तिनं हात वर करायचा. मी वही घेऊन काकांजवळ. हाक द्यायचं काम मी घेतलं नव्हतं. या गावची सून आहे मी. तीस वर्षांत गल्लीत आवाज चढवून कोणाला हाक मारली नाही. सासूबाई होत्या तेव्हा चालत नव्हतं, त्या गेल्यावर सवय राहिली नाही.

काकांनी तोंडाशी हात नेले. "ओऽऽ!"

पहिल्या घरातून "ओऽऽ" गेलं. दुसऱ्या. तिसऱ्या. आवाज बदलत होता, एक जाड, एक किनरा, एक खोकल्यासकट, पण हाक तीच होती आणि ती उतारावरून खाली जात होती. चौथ्या घरात तोच किराणा दुकानवाला होता, गावातला सगळ्यात मोठा गळा. त्यानं दिली ती हाक रस्त्यापलीकडच्या कुत्र्यांनीसुद्धा ऐकली असेल.

नाल्याकडची बाई हलली नाही.

"पुन्हा!"

पुन्हा दिली. लांबवर ती तशीच उभी, हात खाली. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती चौकटीला धरून उभी होती हे दिसत होतं.

मी आणि काका चौथ्या घराच्या पुढे गेलो. दुकानवाल्याला आमच्याबरोबर घेतलं. वीस पावलं गेलो, त्याला ओरडायला लावलं. हात नाही. आणखी वीस. हात नाही. गुडघाभर गवत होतं, घोट्याला कुसळं टोचत होती. मग आणखी थोडं पुढे गेल्यावर त्यानं हाक दिली आणि तिकडे हात वर गेला. सरळ, डोक्याच्या वर. मागे उभ्या असलेल्या लोकांत एकदम गलका झाला.

"इथं," मी म्हटलं आणि वही उघडली. "ही कोणती बांधी?"

"तिकोनी," काका म्हणाले. मग ते वाकले, गवत बाजूला केलं आणि एका पांढऱ्या दगडावर बोट ठेवलं. त्यावर लाल रंगात दोन अक्षरं होती. "पण बाई, हे दगड त तुमचेच दिसून राहिले."

माझेच होते. यजमानांच्या नावाची अक्षरं, त्यांनी स्वतः रंगवलेली. चार वर्षांपूर्वी आम्ही तो प्लॉट घेतला होता, मुलीसाठी, पुढे कधीतरी. मी चटकन रिकाम्या प्लॉटांच्या यादीचं पान काढलं. सगळे होते त्यात. नागपूरला राहणारे, बालाघाटला राहणारे, दोन मास्तर, एक डॉक्टर. आम्ही नव्हतो. मी लपवलं नव्हतं. यादी करताना तो प्लॉट रिकामा आहे असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तिथे घर होतं, कडेला पेरू होता, फक्त बांधलेलं नव्हतं. प्रत्येक रिकाम्या प्लॉटच्या मालकाला हेच वाटत असणार.

"आता लिहा," दुकानवाला म्हणाला. "का शाई सरली?"

मी लिहिलं.

घरी यजमान म्हणाले, "आपला प्लॉट यादीत कोणी घातला?"

"मी."

"तुले कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. आधी घातला नव्हता, तेच चुकलं."

ते दोन दिवस माझ्याशी नळाबद्दल बोलले नाहीत, म्हणजे आमच्या घरात काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पोरगी त म्हणते मले गोंदियात बी राहाचं नाही. मंग कोणासाठी गवत वाढवून राहिलो आपण?" एवढंच. त्यांनी भाताला हात लावला आणि विषय संपला.

माझ्याकडे अर्जदारांची यादी होती. त्यात एक जोडपं होतं: तो ई-रिक्षा चालवतो, ती शिलाई करते. जुन्या गावात भाड्यानं राहत होते आणि बरडावर घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायला निघाले होते. मी त्यांना म्हटलं, अदलाबदल करा. तुमचा बरडावरचा मला द्या, माझा उतारावरचा घ्या; पण पावसाच्या आत घर उभं राहिलं पाहिजे. तिचे डोळे चमकले. तो मात्र मला नीट न्याहाळत राहिला.

"बाई, यात काही गडबड त नाही ना? चांगला प्लॉट देऊन खराब घेते, असं कोणी करते का?"

"माझा प्लॉट हाक तुटते तिथे आहे," मी म्हटलं. "तुमची बायको जोरात बोलते का?"

"तेची चिंताच नका करू," तो म्हणाला, आणि बायकोनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला. सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मी लिहिणार नाही. बरडावरची माणसं चिडली. एक जण म्हणाला, "आमी का गावाबाहेरचे हावोत?" आता तिकडे माझाही प्लॉट होता, एवढंच त्याला सांगता आलं, आणि आमचा नंबर उतार भरल्यावर. बरड आजही वाट पाहत आहे. त्याचं पान माझ्या वहीत उघडंच आहे.

पण उतारावर त्या उन्हाळ्यात जे झालं ते मी विसरणार नाही. पाइप कोणत्या बांधीपर्यंत कधी येणार हे पंचायतीच्या भिंतीवर लिहिलं, बांध्यांच्या जुन्या नावांनी. आणि माणसं यायला लागली. बालाघाटवाल्यानं प्लॉट आपल्या भाच्याला दिला, त्यानं पाया खोदला. दोन मास्तरांपैकी एकानं जोतं घातलं. कोणी कोणाला ढकललं नव्हतं. पाणी कुठे येणार हे माहीत झालं, आणि माणसं पाण्यासारखी त्या रांगेत उतरू लागली. लांबोडी, मोठी, बुढीची. लोक पत्ताही तसाच सांगू लागले: कोनाच्या बांधीत, तिसरं घर. गेलेली शेतं परत आली नाहीत, पण त्यांचा क्रम परत आला.

तिकोनीत दोन खोल्या उभ्या राहिल्या. विटा, पत्रे, दारं अजून बिनरंगाची. शिलाई मशीन खिडकीशी.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी म्हातारी आली. मुलगा मोटरसायकलवर घेऊन आला. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते: बारीक, ताठ, हातावर गोंदण, मांडीवर गाठोडं. पडवीत बसली, पण गाठोडं सोडलं नाही. लेकरं तिच्या अंगावर चढत होती. कोपऱ्यात नवा नळ, तोटी उघडी, खाली पितळेची घागर.

"आजी, पाणी आज सुटणार," मी म्हटलं.

"पाणी पाहीन मंग," ती म्हणाली. "पहिले हाक."

सून माझ्याकडे बघत होती. उद्या शाळेत भांडी घासायची होती, तांदूळ निवडायचे होते. तिचं काम त्या न सोडलेल्या गाठोड्यात बांधलेलं होतं.

मी स्कूटीवरून टाकीपाशी आले. काकांनी पाना काढला, व्हॉल्व्हच्या चाकाला वळसे दिले, आणि जमिनीखाली काहीतरी जागं झाल्यासारखी घरघर झाली. मी मोबाइल काढून नाल्याकडच्या बाईला फोन लावला. रेंज नव्हती.

"राहू द्या," काका म्हणाले. "चाय होते तितका येळ लागन."

आम्ही उभे राहिलो. मी वहीतलं पान उघडून धरलं. आंब्याची, खूण. लांबोडी, खूण. पाणी कुठवर गेलं असेल ते काका डोळे अर्धवट मिटून सांगत होते. "आता मोठीत... आता बुढीच्या... तिकोनी ओलांडली."

आणि मग खालून आवाज आला. आधी इतका बारीक की मला भास वाटला. नाल्याकडून कोणीतरी हाक दिली होती. ती तिकोनीत पोचली आणि शिलाईवाल्या बाईनं उचलली; नवऱ्यानं तिच्याबद्दल काही खोटं सांगितलं नव्हतं. मग दुकानवाल्याचा जाड गळा. मग मधल्या घरांचे, काही नवीन, ज्यांना कोणी सांगितलंही नव्हतं. एकेक बांधी चढत, वीत-वीत वर येत, हाक आमच्यापर्यंत पोचली.

"आलंऽऽ!"

पाण्याला उतार लागतो. हाक चढावरही येते.

काका म्हणाले, "बाई, जबाब द्या."

"तुम्ही द्या ना."

"मी नाही. निरोप तुमाले हाये. जबाब नाही गेला त बुढी गाठोडं घेऊन निंगून जाईन."

मी इकडेतिकडे पाहिलं. दोन बाया कपडे घेऊन चालल्या होत्या, पंचायतीच्या ओट्यावर तीन-चार माणसं बसली होती. मी वही टाकीच्या कठड्यावर ठेवली, पदर खोचला, तोंडाशी हात नेले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा या गावात ओरडले.

"ओऽऽऽ!"

ओट्यावरची माणसं वळली. पहिल्या घरानं हाक घेतली आणि खाली दिली. मी ती जाताना ऐकत राहिले, जाड, किनरी, पुन्हा जाड, तिकोनीपर्यंत, आणि तिच्याही पुढे, जिथे मला ऐकू येत नव्हतं तिथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी वेळेवर झाली.